भिंतीला भिंत

पायथा, नांदेड
माघ वद्य पंचमी, शके १८६९

प्रिय सौदामिनी,

ठक्, ठक्, ठक्. मातीच्या भिंतीवर वरवंट्याचे तीन ठोके. एकवीस वर्षं झाली, पण आज सकाळपासून हाच आवाज कानात बसला आहे. वैशाखातली पहाट होती, टेकडीवर कोरड्या विजा चमकत होत्या आणि मी वेड्यासारखा अंगणात उभा राहून त्या बघत होतो. तुझी आई आत एकटी. तिनं मला हाक मारली नाही. मारून उपयोग नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. हाताला लागला तो वरवंटा उचलून तिनं भिंतीवर तीनदा मारला. भिंतीपलीकडून शेजारच्या रत्नम्माचा आवाज आला, “आले गं बाई, आले!” आणि ती अंगणात मला आडवा बघून म्हणाली, “मास्तर, विजा मागून बघा. आधी चुलीवर पाणी ठिवा.” सूर्य उगवायच्या आत तू झालीस. विजांवरून नाव मी ठेवलं, पण नाळ रत्नम्मानं कापली आणि त्या नावाचं मिनव्वाही तिनंच केलं, हे तुला ठाऊकच आहे.

भिंतीची ती भाषा तुला आठवते ना? एक ठोका म्हणजे विस्तव हवा. दोन म्हणजे ताक केलंय, न्यायला या. आणि तीन म्हणजे हातातलं टाकून धावत या. एक आणि दोन दिवसातून किती वेळा वाजत, गणती नाही. तीन मात्र खऱ्या गरजेला आजवर दोनदाच वाजले. एकदा तुझ्या जन्माला, ते तुझ्या आईनं वाजवले. आणि एकदा तुझ्या आईच्या अखेरच्या दुपारी, ते मी.

तुझं पत्र परवा मिळालं. येत्या सोमवारी वसंतराव तुला घेऊन निघणार, सातवा सरायच्या आत तुला माहेरी पोचवायचं, एकदा आठवा लागला की गावाची वेस ओलांडायची नाही, हे सगळं वाचलं. “आबा, येऊ की नको, एवढंच कळवा. तुम्ही हो म्हणालात तर मी येणारच,” असं तू खाली रेघ मारून लिहिलं आहेस. उद्या सकाळी रामकिशन ड्रायव्हर लातूरची मोटर घेऊन निघेल, तो हे पत्र तुझ्या हातात आणून देईल. डाकेनं पाठवत नाही. हल्ली पत्रं उघडून वाचतात म्हणे. म्हणजे माझ्याजवळ आजची दुपार आणि संध्याकाळ आहे. आणि लिहायचा शब्द एकच, ये किंवा नको. तेवढ्यासाठी मी जेवण झाल्यापासून चार वेळा उठलो आणि पाच वेळा बसलो. एकदा माठात पाणी आहे का बघायला उठलो. माठ भरलेला होता, मीच सकाळी भरला होता. एकदा टेकडीकडच्या वाटेवर कुणी दिसतं का बघायला गेलो. कुणी नव्हतं.

तुझ्या पत्रात इतरही बातम्या आहेत. तुमच्या विहिरीला पाणी टिकलंय, विहीणबाईंच्या रेणापूरच्या शेतात हरभरा चांगला आलाय, रेल्वेतले बाबू बिऱ्हाड हलवून गेल्यामुळे ओसरीलगतची खोली रिकामी पडली आहे, भिंतीला भिंत असून पलीकडे कुणी नाही म्हणून तुला करमत नाही. त्या खोलीचं तू तीनदा लिहिलं आहेस. गरोदरपणी मन असंच एका ठिकाणी अडकतं. तुझी आई तुझ्या वेळी चिंचेच्या झाडाविषयी असंच बोलत राही, आणि पायथ्याला तर चिंचेचं झाडच नव्हतं.

पायथ्याला आम्ही कसे आलो, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. शहरातल्या गल्लीत तुझ्या आईचा दमा वाढला होता. मिलच्या धुरानं तिला धाप लागे. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत राहा. मोकळ्या हवेत म्हणजे कुठं, ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहीत नाहीत. त्याच सुमाराला चन्नबसप्पांनी शहरापासून दीड कोसावर टेकडीच्या पायथ्याशी ओळीनं अकरा घरं बांधली. खाली काळा दगड, वर पांढरी माती, डोक्यावर धाबं, आणि दोन घरांत मिळून एक भिंत. लोक त्यांना हसले. एवढ्या दूर कोण मरायला जाईल, म्हणाले. सगळ्यांत आधी मीच गेलो. स्टँपच्या कागदावर उर्दूत किरायानामा झाला, अकरा महिन्यांचा. चन्नबसप्पा बिडी विझवून मला म्हणाले, “मास्तर, हवेचा किराया मी घेत न्हाई. पाण्याचाबी न्हाई. भितीचा घेतो. आन् भितबी अर्धीच तुमची, अर्धी माझी. खिळा मारायचा तर इचारून मारा.” अकरा महिन्यांचा तो कागद पुढे तेवीस वर्षं चालला. खिळा मी एकदाच मारला, तुझ्या पाळण्याच्या दोरीसाठी. विचारायला गेलो तर त्यांची बायको रत्नम्मा स्वतः हातोडा घेऊन आली होती.

रोज सकाळी मी दीड कोस चालत सरकारी मदरशात शिकवायला जायचो. सगळे विषय उर्दूत, मराठीला पाऊण तास. त्या पाऊण तासासाठी येताजाता तीन कोस. पण सौदामिनी, खोटं कशाला सांगू, ती वाटच माझा खरा वर्ग होती. जाताना कविता म्हणायचो, येताना नव्या जुळवायचो. वाटेवरचे गुराखी मला बघून एकमेकांना खूण करत. संध्याकाळी वळणावर आलो की वस्ती दिसायची. मागे टेकडी काळी पडलेली, आणि तिच्या पायाशी ओळीनं दिवे. तू पाच वर्षांची असताना तुला खांद्यावर घेऊन त्या वळणावर मी जुळवलं होतं,

अकरा दारे, अकरा दिवे,
टेकडीच्या पायी ताऱ्यांचे थवे.

काव्य म्हणून काही नाही त्यात. पण तू ते दारोदार म्हणत फिरायचीस आणि प्रत्येक दारातून हातावर काहीतरी पडायचं, गूळ, फुटाणे, कधी बोरं. घरी येईपर्यंत परकराचा ओचा भरलेला असायचा. तुझी आई म्हणायची, “बापाच्या कवितेनं कधी घर भरलं नाही, पोरीनं भरलं.”

तुझ्या लग्नाचा मांडव याच अंगणात पडला. तेव्हा विहीणबाई जे बोलल्या ते मी विसरलो असं तुला नेहमी सांगत आलो. विसरलो नाही. पंगत उठल्यावर चार बायकांत त्या म्हणाल्या, “सोताची भिंत न्हाई त्या घराला पोरीचं माहेर म्हणावं, का धर्मशाळा?” मी पाटावर बसलेला, हातात सुपारी, मान खाली. बापानं काय बोलावं? बोलली रत्नम्मा. पदर खोचून समोर आली आणि म्हणाली, “तुळजाबाई, भित माझी हाय. अर्धी मास्तरला दिलीया. पोरगी त्याच भितीत जलमली. तिचं पहिलं बाळतपणबी हितंच हुईल, ह्या हातानं. मग सांगा मला, माहेर कुणाचं हाय ते.” तुझ्या सासूनं पानाचा डबा पुढे ओढला. पण मनात काय राहिलं, कुणास ठाऊक. माझ्या मनात मात्र त्या दिवसापासून एकच होतं. तुझं पहिलं बाळंतपण पायथ्यालाच झालं पाहिजे. बाकी मी तुला काय दिलं आहे? पुस्तकातल्या कविता आणि एक किरायाचं अंगण.

ऊन उतरलं. दिवे लावायची वेळ झाली. लावून येतो आणि मग पुढचं लिहितो.

आलो. लावून आलो. पाऊण तास लागला. आता तुला वाटेल, एक दिवा लावायला पाऊण तास? आबांची तब्येत बरी आहे ना? तब्येत बरी आहे. सौदामिनी, मी एक दिवा लावत नाही. अकरा लावतो.

म्हणजे असं. संक्रांत झाली आणि वस्ती हलायला लागली. दिवस कसे आहेत ते मी सांगायला नको, लातुरातही तेच असेल. आज या गावची जाळपोळ, उद्या त्या गावची. खाकी कपड्यातली माणसं मोटरीतून घोषणा देत वळणावरून जातात आणि मग दोन दिवस कुणाला झोप नाही. आधी टोकाची दोन घरं संस्थानच्या सरहद्दीपलीकडे उमरखेडकडे गेली. मग एकेक करत सगळी. आमची वस्ती म्हणजे किरायेदारांची. ज्याची जमीन नाही त्याला उठायला वेळ लागत नाही, भांडी बांधली की झालं. शेवटी चन्नबसप्पांच्या पश्चात सगळ्याची मालकीण असलेली तुझी अव्वा, रत्नम्मा, तीही गेली. तिचा भाऊ माणिकप्पा स्वतः देवणीहून न्यायला आला होता. दहा घरांच्या किल्ल्या एका सुतळीत ओवून तिनं माझ्या हातात दिल्या. म्हणाली, “मास्तर, घराला अंधार दावू नका. सांजच्याला दिवा दिसू द्या. अंधार दिसला की लोक दारंबी काढून नेतेत.” मलाही चला म्हणत होती. मी म्हणालो, तुमचं सांगणं पाळायला कुणीतरी हवं ना?

तेव्हापासून मी रोज सांजेला किल्ल्यांचा तो जुडगा आणि करडीच्या तेलाचं गाडगं घेऊन निघतो. घासलेट मिळत नाही. प्रत्येक घराच्या खिडकीत एक पणती. नुसता दिवा पुरेसा नाही, आवाजही हवा, नाहीतर वाटेवरच्याला संशय येईल. म्हणून प्रत्येक घरात उभा राहून मोठ्यानं एक कविता म्हणतो. टोकाच्या घरात पहिलीच्या पुस्तकातली, पुढच्यात दुसरीची, असं वर वर चढत जातो. सातव्या घरात माझा घसा बसतो, म्हणून तिथं नुसते पाढे. एकदा वळणावरून जाणारा कुणी ओरडून म्हणाला, “काय हो, रोज कसली शाळा भरवून राहिलेत?” मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. त्याला वाटलं, इथं मुलं आहेत.

आमचे डाकवाले मौलासाब मात्र फसत नाहीत. परवा तुझं पत्र देताना हसून म्हणाले, “मास्तरसाब, मकानां अकरा हैं, पन डाक एकीच आदमी का.” मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाले, “बेटी के पास चले जाओ.” मी हो हो म्हणालो. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच आणखी एक कार्ड आणलं होतं, रत्नम्माच्या नावचं, तुझ्या अक्षरातलं. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. कार्ड तर उघडंच असतं. तरी मी ते पालथं धरलं, पायथा खोडून देवणी लिहिलं, आणि मौलासाबांच्या थैलीत परत टाकलं. तू तिला काय लिहिलंस, मला माहीत नाही. बाळंतविड्याचं काही असेल.

आता तुला राग येईल. कारण पौषापासून माझी जी पत्रं तुला येत होती, त्यांत वस्ती अशी नव्हती. त्यांत रत्नम्मा अंगणात बसून शेवया वळत होती. पाचव्या घरातल्या कारकुनाला बढती मिळाली होती. सातव्या घरात तर बाळ जन्मलं होतं, आणि त्याचं बारसं जेवून माझं पोट बिघडलं होतं. ते बाळ मी जन्माला घातलं, पोरी. सातवं घर रिकामं आहे. उंदरांनी माळ्यावरची गवरी खाली पाडली आहे, तेवढीच तिथं हालचाल. पहिलं खोटं मी तुला काळजी वाटू नये म्हणून लिहिलं. दुसरं, पत्र कुणी वाचलं तर वस्ती रिकामी आहे हे कळू नये म्हणून. आणि तिसऱ्यापासून, खरं सांगतो, मला ते लिहायला आवडायला लागलं. रोज एकेका घरात कविता म्हणताना वाटायचं, इथं कुणी असतं तर काय करत असतं, आणि ते मी तुला लिहायचो. म्हाताऱ्याचा खेळ. पण त्या खेळावर विसंबून तू आता सात महिन्यांचं पोट घेऊन मोटरीत बसणार आहेस, आणि तिकडे तुझी सासू शेजारणींना सांगत असेल की नांदेडला रत्नम्मा आहे, चिंता नाही.

लातूरला मी यावं, असं तुझ्या मनात आहे. वसंतरावांनीही दोनदा लिहिलं. पण लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, हे तुझ्या आजोबांनी पाळलं, त्यांच्या वडिलांनी पाळलं. मी मोडलं तर विहीणबाई तोंडावर काही बोलणार नाहीत, पण ताट वाढताना भांडं वाजेल, आणि ते तुला ऐकावं लागेल. शिवाय किल्ल्या. रत्नम्माला शब्द दिला आहे, घराला अंधार दाखवणार नाही. मी उठलो तर हे दिवे कोण लावणार? किरायेदाराला शब्दाशिवाय दुसरी इस्टेट नसते. म्हणून मी येऊ शकत नाही आणि तुला बोलावू शकत नाही, आणि दोन दिवस नुसता ओसरीतून अंगणात, अंगणातून ओसरीत येरझाऱ्या घालतो आहे. अंगणातली वाट माझ्या पायानं उघडी पडली.

काल सकाळी मी एक करून बघितलं. वरवंटा उचलला आणि भिंतीवर तीनदा मारला. ठक्, ठक्, ठक्. मग कान लावून उभा राहिलो. पलीकडे काही नाही. पाल चुकचुकली तेवढंच. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की ती नुसती माती आहे, दीड हात जाड. तीन ठोके मारले तर धावत येणारं माणूस पलीकडे असलं, तरच ती भिंत. आणि त्याच घटकेला मला दिसलं की वैशाखात तू इथं आत असशील, तुझ्या हातात तो वरवंटा असेल, आणि मी पुन्हा अंगणात उभा राहून विजा बघत असेन. एवढं कळण्यासाठी मला सबंध आयुष्य लागलं.

म्हणून हे पत्र. सकाळपासून जो एक शब्द लिहायचा टाळतो आहे, तो हा. नको. सौदामिनी, येऊ नको. वसंतरावांना सांग, मोटरीचं तिकीट काढू नका. विहीणबाईंना सांग, त्यांचं म्हणणं खरं होतं, माझ्या घराला माहेर म्हणण्यासारखं काही उरलं नाही. त्यांच्या पायावर डोकं ठेव आणि तिथंच राहा. लातुरात चांगली सुईण असेल. माझी काळजी करू नकोस, मला सोबतीला दहा घरं आहेत. बाळ झालं की तारेनं कळव. मुलगी झाली तर नाव तू ठेव, मुलगा झाला तरी तूच ठेव. मी नाव शोधायला गेलो की अंगणातच उभा राहतो.

तुझाच

थांब. भिंत वाजली.

भास नव्हे. तीनदा वाजली. पलीकडच्या घराला कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला आहे, आणि पणती लावून मी तासापूर्वी बाहेर पडलो आहे. हे लिहून ठेवतो, म्हणजे काही झालंच तर तुला कळेल. काठी घेऊन जातो.

आता पुढचं. मी काठी घेऊन उंबऱ्याशी पोचलो तोच दार लोटलं गेलं, आणि दारात रत्नम्मा. डोक्यावर गाठोडं, पायावर गुडघ्यापर्यंत धूळ, हातात दुसरी किल्ली. मालकिणीकडे दुसरी किल्ली असते, हे मला तेवीस वर्षांत सुचलं नव्हतं. उदगीरहून रेल्वेनं परळी, परभणी करत दोन दिवसांनी पोचली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “अय्यो मास्तर! मी आपलं एक दिवा म्हणलं हुतं. तुमच्या दारचा. अकरा लावून राहिले व्हय? वळणावरून बघितलं तर वाटलं, माझ्या घरात कोण बिऱ्हाड घुसलं!” आणि मटकन उंबऱ्यावर बसून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसणं थांबलं, पाणी थांबलं नाही.

तिच्या पदराच्या गाठीत तुझं कार्ड होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं ते मला वाचून दाखवायला लावलं, माणिकप्पाच्या पोरानं वाचलेलं तिला पटलं नव्हतं म्हणे. “अव्वा, आबा लिहितात, तू पौषात शेवया वळून राहिलीस. पौषात शेवया कोण वळतं? ऊन कुठंय? म्हणजे तू तिथं नाहीस. तू नाहीस म्हणजे वस्तीत कुणीच नाही, आणि आबा एकटे आहेत. मी नुसतं या म्हटलं तर ते यायचे नाहीत. मी येते असं लिहिते, म्हणजे खरं बोलतील. हे कार्ड तू जिथं असशील तिथं ते न वाचता पाठवतील, त्यांची मला खात्री आहे. त्यांना घेऊन ये. आमच्या ओसरीलगतची खोली मी धरून ठेवली आहे. सासूबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, फुकट नको, किरायानं देऊ, म्हणजे मास्तरांना पाणी पिता येईल.” विहीणबाई असं म्हणाल्या? हेच शब्द? मी ती ओळ दोनदा वाचली. रत्नम्मानं तिसऱ्यांदा वाचायला लावली.

मी किल्ल्यांचं विचारलं. ती म्हणाली, “घर माझं हाय न? मग मी म्हणते, कुलपं लावा. दगडाची घरं हायत, अंधारानं मरत न्हाईत. तुम्ही जलमभर किराया भरला, आनखी दोन महिने भरा. मीबी राहते. चन्नबसप्पाची बायको किरायानं राहिली म्हणून लोक हसले तर हसू द्या. मिनव्वानं भितीवर वरवंटा मारला तर पलीकडं कुणी पायजे की न्हाई?”

म्हणजे हे पत्र रामकिशनच्या हाती देत नाही. त्याच्या मोटरीत उद्या आम्ही दोघं बसतो आणि पत्र माझ्या खिशात. वरचं ‘नको’ खोडत नाही, तूही खोडू नकोस, तू कुठंच निघायचं नाहीस. रत्नम्मा आत चुलीशी बसली आहे, पण विस्तव पेटत नाही म्हणून मला शिव्या देते आहे. तुझ्या सासूबाईंना म्हणावं, किरायानामा अकरा महिन्यांचाच करा. आणि भिंतीत एक खिळा मारायला लागेल, पाळण्याच्या दोरीसाठी. विचारून ठेव.

तुझाच किरायेदार,
आबा